बस्सीचा पत्ता कुणी अडवला?

अन्याय झाला तो संतोषवर. संतोष म्हणजे मुलगी. आपल्याकडे हे नाव मुलाचं, राजस्थानात ते पोरींचंही असतं. राहणार जयपूरबाहेरच्या बस्सीजवळ एका ढाणीत, म्हणजे वाडीवर, शिक्षण बारावी, आणि वय असं की नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज त्याच वर्षी भरता येणार. पुढल्या वर्षी ती वयोमर्यादेबाहेर. वेळही सांगते. अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बस्सीच्या बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेचा पत्ता आमच्या सर्व्हरने अडवला. पत्ता म्हणजे घराचा नव्हे. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, तो. कॅफेत कॉम्प्युटर सहा, पण जोडणी एक, म्हणून पत्ताही एकच. त्या सहांपुढे आजूबाजूच्या गावांतून आलेल्या पोरी रांग लावून बसल्या होत्या. सगळ्या एका झटक्यात बाहेर.

हे ज्यांच्या राज्यात घडलं त्यांचं नाव मी लिहिणार नाही. दया म्हणून नाही. एकाचं नाव छापलं की लोक म्हणतात, तो तसलाच होता हो, आणि बाकीचे सगळे सुटतात.

मी त्यांना काका म्हणायची. मूळचे मिरजेचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं काढली, बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. आम्ही अकोल्याकडचे, माझे बाबा त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होते. निवृत्तीनंतर काकांना तिथल्याच सी-स्कीम भागातल्या एका कंपनीने बोलावलं. ही कंपनी कॉलेजांचे प्रवेश-अर्ज इंटरनेटवर भरून घ्यायची. ब्रॉडबँड तेव्हा नवं नवं आलं होतं आणि मालकाला सर्व्हर सांभाळायला शिस्तीचा माणूस हवा होता. मिळाला. काकांनी साठीत कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांत पहिला नंबर काढला. माणूस हुशार होता, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की अडाणीपणामुळे झालं. आपल्याकडे अडाणी माणसाच्या हातून एवढं नुकसान होतच नाही.

बाबांनी शब्द टाकला आणि मला त्याच कंपनीत तक्रारीच्या फोनवर बसवलं. सोळाव्या वर्षापासून मी रेल्वे कॉलनीतल्या जयंतीची पत्रकं लिहीत आले होते. बाबांना वाटलं, पोरगी नोकरीला लागली की शांत होईल.

पहिल्याच दिवशी काकांनी माझी परीक्षा घेतली.

"पोरी, तार तुटली, वीज गेली, उंदराने वायर कुरतडली. सिग्नल कुठल्या रंगाचा व्हायला पाहिजे?"

"लाल, काका."

"ऑफिसात काका नाही. का लाल?"

"अपघात होऊ नये म्हणून, सर."

"शाब्बास. लाल हा मुळचा रंग. हिरवा मागावा लागतो."

रेल्वेत हे शंभरदा खरं आहे. त्या एका नियमावर माझ्या बाबांचं आयुष्य गेलं आणि हजारो माणसं रोज घरी पोचली. पण अर्ज भरणारी पोरगी म्हणजे भरधाव मालगाडी नव्हे, हे काकांना कोण सांगणार? त्यांच्या पँटच्या डाव्या खिशात लाल रुमाल असायचा, उजव्यात हिरवा. लाल रुमाल टेबलावर ठेवला की त्यांच्याशी बोलायचं नाही. एकदा मालक तीन वेळा येऊन गेला आणि रुमालाकडे बघून परत फिरला. ऑफिसच्या अरुंद बोळातून जातानासुद्धा काका आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, मग स्वतःशीच "लाइन क्लिअर" म्हणून पाऊल टाकायचे. चहावाला पलीकडून येत असेल तर थांबायचे. एका सेक्शनात एकच गाडी.

घरीही तेच. त्यांच्या बिल्डिंगला इंटरकॉम होता आणि कुणी आलं की काका विचारत, कोण, कुणाकडे, काय काम. तीन उत्तरांत एक जरी गडबडलं तरी दार उघडत नसत. त्यांचा सख्खा भाचा सांगलीहून आला आणि "मामा, मीच!" एवढंच म्हणत राहिला. तासभर खाली उभा. शेवटी काकू पिशवी घेऊन खाली गेल्या आणि भाजीवाल्याकडून आल्यासारखं दाखवून त्याला वर घेऊन आल्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "अगं, मी लग्नाच्या वेळी उखाण्यात चुकले नाही म्हणून आत आले. नाहीतर अजून उंबऱ्यावरच असते."

आम्ही हसायचो. आता हसण्याचा भाग संपला.

सर्व्हरवर एक प्रोग्राम होता. बाहेरून कुणी घुसू बघतंय का, यावर नजर ठेवणारा. काका त्याला पहारेकरी म्हणत, आणि मालकापेक्षा त्याला जास्त मान देत. एकाच पत्त्यावरून तीनदा चुकीचा पासवर्ड आला की पहारेकरी तो पत्ता यादीत टाकायचा; मग त्या पत्त्याला वेबसाइट दिसायचीच नाही. चोराला हे ठीक आहे. पण बस्सीच्या कॅफेत आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी कीबोर्डला हात लावणाऱ्या पोरी बसलेल्या. एकीची चूक, दुसरीची चूक, तिसरीची चूक. पहारेकऱ्याला पोरी दिसत नव्हत्या, पत्ता दिसत होता. झाले तीन.

एका पत्त्यावरून सगळ्यांना बाद करण्याची ही पद्धत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबांनी कॉलनीबाहेर भाड्याने घर शोधलं तेव्हा लोक खोली दाखवायच्या आधी "वैसे आप लोग कौन?" असं विचारायचे. तिथे तर एकही पासवर्ड चुकलेला नव्हता.

अडकलेला पत्ता सोडवायचा काकांचा एक विधी होता. सुटकेसाठी अर्ज करायचा. तो अर्ज वेबसाइटवर. वेबसाइट अडकलेली.

"सर, त्यांना दिसतच नाही तर ते भरणार कुठून?"

"दुसऱ्या पत्त्यावरून."

"बस्सीत दुसरा पत्ता नाही."

"मग जयपूरला यावं. बस आहे."

फोनवरून सोडवून घ्यायचं तर प्रायव्हेट नंबर लागायचा. ही रेल्वेची रीत. दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलतात तेव्हा दोघं एकमेकांना आपल्या गुप्त वहीतला दोन आकडी नंबर देतात, म्हणजे बोलणं खरं ठरतं. वापरलेला नंबर खोडायचा. काकांनी तसलीच वही बनवली होती. मंगळवारी कॅफेवाल्या भैयाशी झालेलं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"अपना नंबर बोलिए."

"अंकलजी, कौन सा नंबर?"

"दो अंक का. कोई भी."

"बयालीस."

"ये तो पिछले हफ़्ते हो चुका. दूसरा."

"तो तैंतालीस लिख लो, मेरे बाप, पर लड़कियाँ रो रही हैं!"

"तैंतालीस. धन्यवाद. लाइन क्लिअर."

काकांनी यादीतून बस्सीचा पत्ता खोडला आणि घड्याळात बघून रजिस्टरात वेळ लिहिली. मिनिटभर बस्सीत वेबसाइट दिसली. मग गेली. भैयाचा परत फोन. परत नंबर, परत एक मिनिट. संध्याकाळपर्यंत काकांनी बस्सीला अकरा वेळा हिरवा दिला आणि बस्सीचा एकही अर्ज पुढे सरकला नाही. अर्जाला किमान वीस मिनिटं लागत होती.

असं का होतंय, हा प्रश्न त्या अख्ख्या ऑफिसात कुणालाच पडला नाही. काकांना तर त्यात चुकीचं काही दिसतच नव्हतं. गाडी पुढे गेली की सिग्नल आपोआप लाल होतो. तीस वर्षं त्यांनी हेच बघितलं होतं. तसा झाला नाही तरच ते घाबरले असते.

बुधवारी मी त्यांच्याकडे पहारेकऱ्याचं पुस्तक मागितलं. जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्यांनी छापून लाल कापडात बांधून घेतलेलं, कपाटात कुलपात. किल्ली जानव्याला. गंमत करत नाहीये, खरंच जानव्याला. पण दिलं त्यांनी, उलट खूश झाले. "वाच. इथे कुणी वाचत नाही."

डबा खाता खाता वाचलं. अडकलेला पत्ता हाताने कसा सोडवायचा, याचं एक अख्खं पान होतं. पहारेकरी पाटीवर, म्हणजे त्या यादीत, नाव लिहितो तसं स्वतःच्या वह्यांतही लिहितो; अशा पाच वह्या. नुसतं पाटीवरचं खोडलं तर मिनिटभराने तो वही बघतो आणि नाव परत पाटीवर उतरवतो. म्हणून आधी पहारेकरी थांबवायचा. मग पाटी आणि पाचही वह्यांतून नाव काढायचं. मग त्याला पुन्हा चालू करायचं. आणि एका पत्त्यावर बरीच माणसं बसत असतील तर तो पत्ता कायमच्या सवलतीत टाकायचा. झालं. एवढंच.

पण पहिली पायरी मला लगेच वाचता आली नाही, पान उजेडासमोर धरावं लागलं. तिच्यावर काकांनी चिठ्ठी चिकटवली होती. मोत्यासारखं अक्षर: "धोकादायक. करू नये."

"सर, ही पायरी तुम्ही झाकलीय."

"झाकली नाही. दुरुस्त केलीय."

"पहारेकरी थांबवल्याशिवाय नाव निघतच नाही. तुम्ही खोडता, तो परत लिहितो."

"लिहिणारच. गाडी गेली, सिग्नल लाल."

"गाडी गेली कुठे? ती तर फलाटावरच आहे!"

"सिग्नल देणं माझं काम. प्रवाशांनी वेळेवर चढावं."

"एक मिनिट थांबवला तर काय होईल?"

"गेट उघडं टाकून उठायचं? एक मिनिट?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी रुळावर बाळ ठेवायला सांगत होते. मग डावा खिसा. लाल रुमाल टेबलावर.

मग मी काय केलं? पत्रक लिहिलं. दोन पानी, मालकाला उद्देशून, शीर्षकात दोन उद्गारचिन्हं. नोटीस बोर्डावर लावलं. मालक दिल्लीला गेलेला. त्याच दुपारी संतोषचा कॅफेतून फोन आला. "दीदी, मेरा फारम?" मी म्हटलं, "कल तक हो जाएगा." हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं निघालं. त्याच वेळी "आजच निघून ये" म्हटलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. हेही नोंदवून ठेवते.

बाबांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मानूस काई वाईट नाई पोरी तो. फक्त लाल हाय."

गुरुवारी दुपारी साडेतीनला संतोष स्वतःच ऑफिसात आली. बस्सीहून एक बस, मग शहरातली मिनीबस, मग चालत. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिका. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. इथे आमचा स्वतःचा पत्ता, अडकलेला नाही, वीस मिनिटांचं काम, हातात दीड तास. सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स नीट लावेपर्यंत चार वाजले. तिने पासवर्ड टाकला. चूक. परत टाकला. चूक. मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलं होतं. एवढासा दिवा असतो त्याचा, आम्हा दोघींना दिसला नाही.

तेवढ्यात काका आले. पोर उन्हातून आलीय म्हणून पाण्याचा ग्लास घेऊन. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

"हटो बेटा, अंग्रेज़ी अक्षर हैं. मैं डालता हूँ."

चष्मा पुसला, कागद जवळ धरला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकलं. दिवा त्यांनाही दिसला नाही.

तिसरी चूक. चार वाजून पाच मिनिटांनी पहारेकऱ्याने आमचाच पत्ता अडवला. अख्खं ऑफिस बाहेर.

क्षणभर काकांचे डोळे चमकले. "बघितलंस? कुणाची भीडभाड नाही. माझीसुद्धा!"

सर्व्हरच्या खोलीत जाऊन ते तिथल्या तिथे सगळं करू शकत होते. पण पद्धत! ते टेबलाशी बसले आणि कागद ओढला. प्रति, सिस्टिम अधिकारी. प्रेषक, सिस्टिम अधिकारी. विषय, पत्ता सोडवणेबाबत. आवक नंबर टाकला. मग प्रायव्हेट नंबरची वही उघडली, एक नंबर स्वतःला दिला आणि थबकले.

"दुसऱ्या बाजूचा नंबर तू दे. दोन्हीकडे एकच माणूस चालत नाही."

"सर, साडेचार वाजायला आलेत!"

"म्हणूनच म्हणतो, लवकर दे."

"चौसष्ट."

"वापरलाय."

संतोषने माझी ओढणी ओढली. "दीदी, सर क्या कर रहे हैं?"

"अपने आप से इजाज़त माँग रहे हैं."

"मिलेगी?"

मिळाली. चार पस्तीसला. काकांनी आत जाऊन आमचा पत्ता खोडला, आणि बाहेर येऊन संतोषच्या खुर्चीमागे उभे राहिले. तिने या वेळी पासवर्ड बरोबर टाकला. नाव, वडिलांचं नाव, गाव. पडदा पांढरा. लिहिलेलं सगळं गेलं. काका आत गेले, परत खोडलं, परत आले. नाव, वडिलांचं नाव, गाव, तहसील. पांढरा. तिसऱ्यांदा पोरीने असा हात चालवला की मी बघतच राहिले. पहिलं पान संपवून ती गुणांपर्यंत पोचली.

"पुढे का जात नाही?" काकांनी विचारलं. मला नाही, पडद्याला.

संतोष म्हणाली, "सर, फिर बंद हो गया."

तीस वर्षं ते सिग्नलच्या केबिनमध्ये होते. फलाटावरून सिग्नल कसा दिसतो, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी लाल पुस्तक आणून त्यांच्यासमोर उघडलं आणि त्यांच्या देखत ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली. चार अठ्ठेचाळीस. ते सर्व्हरपुढे बसले. एक ओळ टाइप करायची होती. बोटं बटणांवर ठेवली आणि तशीच राहिली.

"गेट उघडं टाकून मी कधी उठलो नाही गं."

"काका, पोरगी राहील."

ऑफिसात काका म्हटल्याबद्दल या वेळी टोकलं नाही. उठले. "तू कर. मी बघत नाही." आणि बाहेर गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी हे कधी केलेलं नव्हतं. पान बघत, एकेक अक्षर तपासत पहारेकरी थांबवला. पाटी आणि पाच वह्या. आमचा पत्ता काढला, बस्सीचाही काढला. पहारेकरी परत चालू केला. चार सत्तावन्न.

तीन मिनिटांत वीस मिनिटांचं काम होत नाही. मी आकडे वाचत होते, ती टाकत होती. तिसऱ्या पानावर पडद्यावर ओळ आली: अर्ज भरण्याची मुदत समाप्त. बरोबर पाचला. सर्व्हरचं घड्याळ काका रोज सकाळी रेडिओच्या वेळेला लावायचे, एक सेकंद इकडेतिकडे नाही.

मी गॅलरीत धावले. "काका, घड्याळ पंधरा मिनिटं मागे घ्या. तुम्हाला येतं. कुणाला कळणार नाही."

ते वळले. चेहरा उतरलेला होता, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले काय? "घड्याळाला हात लावता येत नाही."

संतोषने गुणपत्रिका एकेक करून फाइलमध्ये ठेवल्या. काकांनी आणलेलं पाणी तसंच होतं, ते पिऊन टाकलं. "कोई बात नहीं, सर," असं तीच त्यांना म्हणाली. मग मला विचारलं, बस्सीची बस कुठून मिळेल.

काकांच्या रजिस्टरात रोज संध्याकाळी एक रकाना भरला जायचा: अपघात. त्यात रोज एकच शब्द, "नाही". त्या दिवशीचा मी चोरून वाचला. "एक. प्रवासी फलाटावर राहिली. सिग्नल बरोबर होता."

सिग्नल बरोबर होता! त्या दोन वाक्यांमधलं पहिलं लिहायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला कळतं. दुसरं लिहिल्याशिवाय राहवलं नाही, हे मी माफ करत नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या त्या पायरीवर नवीन चिठ्ठी होती, तेच मोत्यासारखं अक्षर. "करू नये" गेलं होतं. त्या जागी: "दोन सह्यांनी करावे." सुधारणा झाली. महिनाअखेर मी नोकरी सोडली. संतोष आता वयोमर्यादेबाहेर आहे. तिच्यासाठी कुठलीही पायरी कुठल्याही पुस्तकात नाही.

आता तुमच्याशी बोलते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी असल्या यादीपाशी बसतं. कॉम्प्युटरवरचीच असेल असं नाही. शाळेच्या प्रवेशाची असेल, सोसायटीच्या गेटवरची असेल, भाडेकरूंची असेल, ती तर लिहावीही लागत नाही. तिच्यात नाव कसं घालायचं ते तुम्हाला पाठ आहे. काढायचं कसं, ते कुठे लिहिलंय? त्यावर कुणी चिठ्ठी चिकटवलीय का? उठा आणि बघा. चिठ्ठी काढा. पहारेकरी थांबवा, पाटीवरून आणि सगळ्या वह्यांतून नाव खोडा, मगच त्याला परत बसवा. याच क्रमाने. कुणाचा अर्ज मागू नका, कुणाचा नंबर मागू नका. आणि उद्या म्हणू नका. उद्या मी म्हणून झालंय.

आज करा. पाच वाजायच्या आत.